मॉडेलचं टेबल मांडताना आधी खिडकी बघा

प्लास्टिक मॉडेलचं किट घरी आलं की पहिला विचार टेबलाचा होतो. मग ते टेबल जिथे मावेल तिथे, म्हणजे बहुतेक वेळा बेडरूमच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, बरोबर पंख्याखाली जाऊन बसतं. पंधरा दिवसांत थिनरचा वास गाद्यांना लागतो, ओलं डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचं चित्र, वाऱ्याने दुमडतं आणि दिव्याखाली नीट वाटलेला रंग सकाळी भलताच दिसतो. टेबल चांगलं असतं, जागा चुकलेली असते. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे: आधी हवा, मग उजेड आणि वीज, आणि सुताराला त्यानंतर बोलवायचं. १/७२, १/४८, १/३५ अशा मापांची प्लास्टिकची विमानं, रणगाडे आणि जहाजं जोडणाऱ्यांसाठी, त्यातही दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

हवा कुठून येते आणि कुठे जाते

जिथून थेट बाहेर, मोकळ्या बाजूला हवा फेकता येईल अशी खिडकी घरात शोधा. बाथरूमच्या खिडक्या ज्या बंद डक्टमध्ये उघडतात, ती डक्ट यासाठी चालत नाही. तिथे सोडलेला रंगाचा फवारा वरच्या आणि खालच्या शेजाऱ्यांच्या घरात शिरतो, आणि वारा पडलेला असेल तर आपल्याकडेच परत येतो. बंद करून घेतलेली बाल्कनी उत्तम. एकच अडचण म्हणजे दुपारचं ऊन. सरळ ऊन पडणाऱ्या ठिकाणी कटिंग मॅट वाकडी होते, डिकॅल पिवळी पडतात आणि रंगाच्या बाटल्या तापतात. पडदा किंवा बांबूची चिक लावणार असाल तरच बाल्कनी घ्या.

देवघर किंवा गॅस गिझर त्याच खोलीत असेल तर ती जागा सोडून द्या. लॅकर थिनर आणि मॉडेलचं सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद, दोन्ही ज्वालाग्राही आहेत. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि समईच्या किंवा गिझरच्या पायलट ज्योतीपर्यंत पोहोचते. दुसरी जागाच नसेल तर लॅकर, म्हणजे थिनरवर आधारित रंग, घरात मारू नका, पाण्यावर आधारित अॅक्रिलिक रंगच वापरा. सुरुवात करणाऱ्याने तसंही अॅक्रिलिकपासूनच करावी.

टेबल छताच्या पंख्याच्या थेट खाली नको. पंखा धूळ उडवतो, ब्रशवरचा रंग मॉडेलला लागायच्या आत सुकवतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा भाग चिमट्यातून निसटला की तो कुठे गेला हे कळू देत नाही. टेबल पंख्याच्या पात्यांच्या घेराबाहेर, भिंतीला लागून ठेवा.

जागा ठरली असं वाटलं की लगेच काही विकत घेऊ नका. किटच्या खोक्यांचा पुठ्ठा चार फूट बाय दोन फूट कापून त्या जागी जमिनीवर अंथरा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. कपाटाचं दार अडतं का, झाडू मारताना अडचण होते का, संध्याकाळी घरातली माणसं तिथून ये-जा करतात का, सगळं त्यातून कळतं.

उजेड

मॉडेलिंगमध्ये उजेडाची कामं दोन. एक म्हणजे रंग खरा दिसणं. पिवळ्या दिव्याखाली पांढरा मलईसारखा दिसतो आणि ऑलिव्ह हिरवा तपकिरीकडे झुकतो. एलईडी घेताना खोक्यावर दोन आकडे बघा: रंगतापमान ५००० केल्विनच्या आसपास आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा, ९० किंवा जास्त. दुकानात सरसकट मिळणारे ‘कूल डेलाइट’ दिवे ६५०० केल्विनचे आणि बहुतेक वेळा ८० सीआरआयचे असतात. जोडणीला ते चालतात, पण रंग जुळवायला बसलात की निळसर झाक फसवते.

दुसरं काम सावलीचं. एकच दिवा असला की आपल्याच हाताची सावली बरोबर कामावर पडते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना वाकणाऱ्या मानेचे दोन दिवे लावा, कामापासून ४० ते ५० सेंमी वर आणि डोळ्यांत तिरीप येणार नाही असे. सांधा तपासताना मात्र सावलीच हवी असते. तेव्हा दोन्ही दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च मॉडेलच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, सांध्यावरून हळूहळू फिरवा. सपाट वाटणारी रेघ या तिरप्या उजेडात खड्डा आहे की उंचवटा ते दाखवते. प्रायमर मारण्याआधी एवढं केलं की नंतरचा निम्मा त्रास वाचतो.

डोक्यावर घालायचं भिंग घेताना आकडा मोठा म्हणजे चांगलं असं समजू नका. १.७५ पटीच्या भिंगाला कामाचं अंतर साधारण ३५ सेंमी मिळतं, २.५ पटीला जेमतेम २० सेंमी. दुसऱ्यात मान पार टेबलावर झुकते आणि तासाभरात खांदे भरून येतात. रोजच्या कामाला १.७५ किंवा २ पट पुरे.

वीज

एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर सोडू नका. पाणी लावून घासताना थेंब खालीच जातात. बोर्ड टेबलाच्या मागच्या भिंतीवर, टेबलापासून हातभर उंच स्क्रूने बसवा. प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला आणि अर्थिंगचा बोर्ड घ्या. एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनच्या, छोट्या १/६ हॉर्सपॉवरच्या कॉम्प्रेसरला ६ अँपिअरचा साधा सॉकेट पुरतो.

आता टेबल

टेबलाचं माप बनवणार असलेल्या सर्वात मोठ्या मॉडेलवरून काढा. स्पिटफायरच्या पंखांचा पल्ला ११.२३ मीटर, म्हणजे १/७२ मापात साडेपंधरा सेंमी आणि १/४८ मध्ये साडेतेवीस. बी-१७ बॉम्बर १/७२ लाही ४४ सेंमी रुंद होतं. आपली नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे, कोणी ती १/३५० मापात स्वतः घडवायला घेतली तर ७५ सेंमी जागा एकट्या जहाजालाच लागेल. मॉडेल ठेवून दोन्ही बाजूंना किमान ३० सेंमी मोकळे राहिले पाहिजेत. बहुतेकांना १२० बाय ६० सेंमी पुरतं.

हे माप सोयीचंही आहे. प्लायचा तक्ता ८ बाय ४ फुटांचा येतो, त्यात ४ बाय २ चे बरोबर चार तुकडे निघतात: एक टेबलाचा पृष्ठभाग, बाकीचे वरच्या फळ्यांना. १८ मिमी जाडीचा, पाणी सोसणारा बीडब्ल्यूआर प्लाय घ्या. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रू सैल होतात. वर सनमायका मॅट आणि एकरंगी फिका राखाडी लावा. लाकडाच्या नक्षीवर पडलेला करडा भाग शोधून सापडत नाही, आणि चकचकीत पांढऱ्यावर दोन्ही दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं.

उंची सुताराला नुसती ‘नेहमीची’ सांगू नका. लिहिण्याचं टेबल ७५ सेंमी असतं. बारीक कामाला कोपर टेकलेले आणि काम डोळ्यांच्या जवळ हवं, म्हणून ८० ते ८५ सेंमी बरं पडतं, पण खुर्चीची उंची कमी-जास्त करता आली पाहिजे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असेल तर २५-३० सेंमीचा चौरंगही उत्तम चालतो. त्यात पडलेला भाग फार लांब जात नाही.

पडलेल्या भागांसाठी सोनाराकडून शिकावं. सोनाराच्या पेढीवर कानस मारताना पडलेला कणसुद्धा वाया जात नाही, आणि शेवटचा केर झारेकरी धुऊन नेतो. तीच युक्ती इथे करा. टेबलाच्या पुढच्या कडेला खालून वेल्क्रोची पट्टी चिकटवा आणि फिक्या रंगाच्या सुती कापडाचा ६० बाय ६० सेंमीचा तुकडा तिला लावा. बसल्यावर त्याचं दुसरं टोक कमरेला खोचायचं. चिमट्यातून उडालेले बरेचसे भाग या झोळीत पडतात. टेबलाच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना १ सेंमी उंच लाकडी पट्टी ठोकून घ्या, म्हणजे गोल भाग आणि ब्रश घरंगळून मागे पडणार नाहीत. एवढं करूनही भाग जमिनीवर गेलाच, तर व्हॅक्युम क्लीनरच्या नळीवर पातळ नायलॉनचा पायमोजा ताणून रबरबँडने बांधा आणि मग ओढा. भाग कापडाला येऊन चिकटतो.

टेबलावर काय, कुठे

मध्यभागी ए३ कटिंग मॅट. तिच्यावर गरम चहाचा कप ठेवू नका, पीव्हीसी वाकतं आणि परत सपाट होत नाही. मॅटच्या उजवीकडे ३० बाय ३० सेंमीचा, ६ मिमी जाडीचा काचेचा तुकडा ठेवा, काचवाल्याकडून कडा घासून घ्यायला विसरू नका. काच पूर्ण सपाट असते. तिच्यावर पॉलिश पेपर टेपने चिकटवून पंखाची किंवा फ्युजलाजची जोडायची कड घासली की सांधा एका पातळीत बसतो. पेपर पाण्याचाच घ्या, ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचा. नंबर गाळून पुढे उडी मारली की आधीचे ओरखडे राहतात आणि ते रंगाखालून दिसतात.

घरात उरलेली पांढरी टाइल हवीच. सायनोअॅक्रिलेटचा थेंब, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, तिच्यावर काढायचा आणि सुईच्या टोकाने लावायचा. नंतर ब्लेडने खरवडून टाइल पुन्हा साफ.

सिमेंटची बाटली हा टेबलावरचा सर्वात मोठा धोका. टामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन ४० मिलीच्या बाटलीत येतं. झाकणाला ब्रश असल्यामुळे ती उघडी राहते आणि कोपराने आडवी होते. मग सिमेंट मॉडेलखाली पसरतं आणि पंखाचा पृष्ठभाग वितळतो. चार सेंमी जाड लाकडाच्या ठोकळ्यात बाटलीच्या मापाचा खड्डा करून ती त्यात बसवा. थर्माकोल अजिबात वापरू नका. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीनच, सांडलेल्या सिमेंटने स्टँडच विरघळेल.

निप्पर, ११ नंबरच्या ब्लेडची सुरी, एक सरळ आणि एक वाकडा चिमटा, पेपरच्या पट्ट्या: हात न ताणता पोहोचेल अशा अर्ध्या वर्तुळात एवढंच. निप्पर दोन हवेत. चांगल्या, पातळ पात्याच्या निप्परने फक्त भाग कापायचे. तारा आणि जाड स्प्रू, म्हणजे भाग ज्यात अडकलेले असतात त्या चौकटी, जुन्याने. भाग एका घावात मुळापासून कापला की प्लास्टिकवर पांढरा ताण उमटतो आणि कॉकपिटवरच्या पारदर्शक कॅनोपीला तर सरळ तडा जातो. आधी २-३ मिमी अंतर ठेवून कापा, मग जवळून, आणि उरलेली गाठ सुरीने तासा.

स्प्रूच्या चौकटी टेबलावर पसरल्या की जागा संपते. भांड्यांच्या दुकानातलं स्टीलचं ताटाळं आणा. चौकटी त्यात ताटांसारख्या उभ्या राहतात, आणि स्प्रूवरची ए, बी, सी ही अक्षरं समोर ठेवली की हवी ती लगेच काढता येते. सुटे केलेले भाग मसाल्याच्या डब्याच्या सात वाट्यांत ठेवा: कॉकपिट, चाकं, शस्त्रं असे गट करून. वर झाकण असल्यामुळे घरात मांजर किंवा लहान मूल असलं तरी रात्रीतून काही हरवत नाही.

रंगाची पेटी आणि बाहेर जाणारी नळी

एअरब्रश घेतला नसेल तर हा भाग पुढच्या वर्षी वाचला तरी चालेल. ब्रशने उत्तम मॉडेल बनतं. घेतला असेल तर इथे कंजुषी करू नका, कारण हा खर्च फुप्फुसांसाठी आहे.

एअरब्रशचा फवारा ज्या पेटीत मारायचा तिच्या तोंडाशी हवा किमान अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने आत जायला हवी. तोंड ४० बाय ४० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर, म्हणजे सेकंदाला ०.०८ घनमीटर, तासाला २८८ घनमीटर. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर आणि नळी लागली की तो बराच घसरतो. म्हणून तासाला ४००-४५० घनमीटरचा, ६ इंची नळीला बसणारा इनलाइन पंखा घ्या. कार्बन ब्रशच्या मोटरचा पंखा नको, तिच्यात ठिणगी पडते. इंडक्शन किंवा ब्रशलेस मोटर मागा. पेटीसाठी आडवी ठेवलेली प्लास्टिकची मोठी स्टोरेज पेटी चालते, मागच्या बाजूला पंख्याचं भोक आणि त्याआधी रंग अडवणारा फिल्टर. एवढं असूनही लॅकरचे स्प्रे कॅन या पेटीत मारू नका. त्यांतून एका दमात फार वाफ सुटते. ते मोकळ्या गच्चीवरच.

नळी किचन चिमणीची, ६ इंची अॅल्युमिनियमची, दीड मीटरपेक्षा लांब नको आणि एकाहून जास्त वळणंही नकोत. सरकत्या खिडकीसाठी काच फोडायची गरज नाही. १२ मिमी प्लायची २२ सेंमी रुंद उभी पट्टी कापा, उंची रुळांच्या आतल्या मापापेक्षा ५ मिमी कमी. तिच्यात नळीच्या मापाचं गोल भोक पाडा. पट्टी आधी वरच्या रुळात घाला, मग खालच्यात सोडा, आणि खिडकीची काच तिला टेकेपर्यंत सरकवा. फट फोमच्या पट्टीने बुजवा. आता खिडकीची कडी लागणार नाही, म्हणून खालच्या रुळात मापाची काठी आडवी टाका, बाहेरून काच सरकणार नाही. बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप आणि जाळी दोन्ही लावा. झडप पावसासाठी, जाळी कबुतरांसाठी. महिनाभर न वापरलेल्या नळीत ती घरटं करतात.

पेटी तयार झाली की रंग उघडण्याआधी उदबत्तीने तपासा. खोलीत थिनर नसताना एक उदबत्ती पेटवा, पंखा चालू करा आणि ती तोंडाच्या चारही कोपऱ्यांशी धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात तो रेंगाळत असेल किंवा बाहेर वळत असेल, तर पुठ्ठ्याने तोंड लहान करा. आणि खोलीचं दार चार बोटं उघडं ठेवा: आत हवा आलीच नाही तर पंखा बाहेर तरी काय फेकणार? तपासणी झाली की उदबत्ती पूर्ण विझवा.

तोंडावर मास्क हवा तो सेंद्रिय वाफेच्या काडतुसांचा. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. काम झालं की काडतुसं हवाबंद पिशवीत ठेवा, नाहीतर आतला कोळसा रिकाम्या खोलीतली हवासुद्धा शोषत राहतो आणि लवकर संपतो.

कॉम्प्रेसर हवेच्या टाकीसकट घ्या, ३ लिटरची पुरते. टाकी नसेल तर दाब थरथरतो आणि पातळ रंगात ठिपके उमटतात. खाली जाड रबराची चटई घाला, खालच्या मजल्याची झोप तिच्यावर आहे. अॅक्रिलिकला १५ ते २० पीएसआय दाब आणि गाईच्या दुधाइतका पातळ रंग.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत आणि गोव्यात वेगळेच नियम लागू होतात. टेबलावर छोटं आर्द्रतामापक ठेवा. आकडा ७० च्या वर असेल तर लॅकर आणि ग्लॉस क्लिअर मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि काळ्या रंगावर दुधी पापुद्रा चढतो. असं झालंच तर घासू नका. कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा पातळ हात मारला की बहुतेक वेळा तो जातो.

कॉम्प्रेसरमध्ये याच दिवसांत पाणी साठतं. पाणी पकडणारा सापळा कॉम्प्रेसरलाच असतो, पण तिथे हवा गरम असल्यामुळे वाफ त्यातून निसटते आणि नळीत थंड झाल्यावर पाणी होते. मग मध्येच एक थेंब पंखावर थुंकला जातो. ३ मीटरची नळी घ्या आणि दुसरा छोटा सापळा एअरब्रशच्या अगदी खाली लावा.

सायनोअॅक्रिलेट ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात उघडी ट्यूब आठवड्यात दगड होते. न उघडलेली फ्रिजमध्ये, उघडलेली घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत. फ्रिजमधून काढलेली ट्यूब तासभर तशीच ठेवून मग उघडा, नाहीतर थंड तोंडावर पाणी धरतं. डिकॅल झिपलॉक पिशवीत सिलिकासह ठेवा. न बनवलेली किट्स माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखाली उन्हाळ्यात ती भाजतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. कानशी, निप्पर आणि चिमट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, पण वापरण्याआधी तो पुसा. तेलाचं बोट लागलेल्या जागी रंग धरत नाही.

उठण्याआधी

दर वेळी दहा मिनिटं राखून ठेवा. कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाची चावी उघडून पाणी काढा. एअरब्रशमधून स्वच्छ थिनर मारा, सुई काढून पुसा. रंगवलेलं मॉडेल पारदर्शक डब्याखाली झाका, पण एका बाजूला १ सेंमी फट ठेवा, नाहीतर आत कोंडलेली वाफ रंग मऊच ठेवते. तेलावर आधारित एनॅमल रंग असेल तर २४ तास आणि पावसाळ्यात ४८ तास त्याला हात लावू नका. वापरलेलं थिनर सिंकमध्ये ओतू नका, झाकणाच्या बरणीत साठवा. गाळ खाली बसला की वरचं ब्रश धुवायला पुन्हा चालतं. थिनरने भिजलेले बोळे केराच्या डब्यात कोंबू नका, बाल्कनीत सुकवून मग टाका. वापरलेली ब्लेड्स झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. डबा भरला की तो टेपने पूर्ण बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्यांच्या हातात वेगळा द्या, कारण ओला आणि सुका कचरा ते हातांनीच निवडतात.